सात रेघांचा बुद्ध

(संस्थेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या भाषणाचा विषय एक अक्षर आहे, आणि तेही चिनी. बोदवडसारख्या गावात, जिथे कपाशीचा भाव आणि पिण्याचे पाणी यांच्या चिंतेतून माणसाला सवड मिळत नाही, तिथे चिनी अक्षराचे काय काम, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्तच आहे. १९६२ साली ज्या देशाशी आपले युद्ध झाले त्यांच्या लिपीचे कौतुक कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, सरकारे येतात आणि जातात, अक्षराला मात्र सरकार नसते. शिवाय आज जे अक्षर आपण गिरवणार आहोत, ते मुळात आपल्याच घरातून तिकडे गेलेल्या शब्दाचे आहे. ते अक्षर म्हणजे ‘बुद्ध’.

आम्ही चिनी भाषेचे पंडित नव्हेत. काही डझन अक्षरांपलीकडे आमची मजल नाही. परंतु एकच अक्षर नीट शिकले तर त्यातून किती गोष्टी उलगडतात, हे फळ्यावर दाखवण्याचा आमचा प्रयत्न आहे. विद्यार्थ्यांनी वही उघडावी.

प्रथम आपली लिपी आणि त्यांची लिपी यांतला फरक पाहू. आपण ‘ब’ लिहितो, त्याला उकार देतो, पुढे जोडाक्षर लिहितो, आणि ‘बुद्ध’ असा आवाज कागदावर उतरतो. बाराखडी पाठ झाली की मूल कोणताही शब्द वाचू शकते, अर्थ कळो वा न कळो. चिनी लिपीत बाराखडी नाही. तिथे एक अक्षर म्हणजे साधारणपणे एक अवयव आणि एक अर्थ. अठराव्या शतकात, १७१६ साली, कांगशी या बादशहाच्या आज्ञेने तयार झालेल्या कोशात ४७,०३५ अक्षरे आहेत. हा आकडा ऐकून घाबरू नये. रोजचे वर्तमानपत्र वाचायला सुमारे तीन हजार पुरतात. आणि ही अक्षरे सुटी-सुटी नसतात, थोड्याच भागांची जुळवणी करून ती बनलेली असतात. त्या कोशात सगळी अक्षरे २१४ मूळ खुणांखाली लावलेली आहेत. खूण ओळखता आली की अक्षराचे निम्मे कुलूप उघडते.

आता गिरवायला घेऊ. तिकडच्या मुलांच्या वहीत चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाचे आडव्या-उभ्या रेघेने चार भाग केलेले असतात. त्या चौकटीला ते ‘शेताच्या अक्षराची चौकट’ म्हणतात, कारण चिनी भाषेत शेत हे अक्षर नेमके असेच दिसते: चौकोन आणि आत दोन बांध. आपल्याला हे चित्र समजावून सांगायला नको. असा एक चौकोन काढा. नियम साधे आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि आडवी रेघ आधी, तिला छेदणारी उभी नंतर. क्रम मोडला तरी अक्षर कसेबसे उमटते, पण त्याला वळण येत नाही, आणि भरभर लिहिताना ते ओळखूही येत नाही.

पहिली रेघ: चौकोनाच्या डाव्या भागात वरून खाली, डावीकडे झुकणारी छोटी तिरपी रेघ. दुसरी: तिच्या मध्याखालून सरळ उभी रेघ. या दोन रेघांनी एक खूण पूर्ण झाली. ती खूण आहे ‘माणूस’. तिसरी रेघ उजव्या भागात वर सुरू होते, आडवी जाते आणि टोकाला खाली वळते. चौथी: त्याखाली दुसरी आडवी रेघ, वरच्या वळणाला भेटणारी. पाचवी जरा अवघड: चौथीच्या डाव्या टोकापासून थोडी खाली, मग उजवीकडे आडवी, मग पुन्हा खाली, आणि शेवटी आत एक छोटा आकडा. ही रेघ हात न उचलता काढायची. सहावी रेघ या तिन्ही मजल्यांना छेदून वरून खाली येते आणि तळाशी डावीकडे वळते. सातवी तिच्या उजवीकडे, सरळ उभी. झाले. सात रेघांत बुद्ध.

याचा आजचा चिनी उच्चार ‘फो’. उच्चार करताना सूर वर चढवायचा, आपण आश्चर्याने ‘हो?’ विचारतो तसा. मग ‘बुद्ध’चे ‘फो’ झाले कसे? जुन्या काळी या अक्षराचा उच्चार ‘बुत’च्या जवळपास होता. आपल्या खेड्यांत स्टेशनचे टेसन झाले, तसे परक्या तोंडात बुद्धाचे बुत झाले, आणि शतकानुशतके चिनी उच्चार बदलत जाऊन त्याचे फो झाले. जुना आवाज शेजारच्या देशांनी अधिक जपला. हेच अक्षर जपानमध्ये ‘बुत्सु’ असे वाचतात आणि कोरियात ‘बुल’. जपानने पुढे त्याचे सोपे रूप रूढ केले, ते चार रेघांचे आहे. पण त्या चार रेघांतही पहिल्या दोन माणसाच्याच आहेत. चीनने १९५६ च्या जानेवारीत शेकडो अक्षरे सोपी करण्याची योजना प्रसिद्ध केली, तरी ‘फो’च्या सात रेघा तशाच राहिल्या. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला काय घडले, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

आता या अक्षराच्या पोटात शिरू. डाव्या बाजूला माणूस आहे. उजव्या बाजूचा भाग सुटा लिहिला तर त्याचा उच्चार ‘फू’ आणि अर्थ ‘नाही’ असा होतो. त्यावरून काही लोक चमत्कारिक अर्थ काढतात की, बुद्ध म्हणजे ‘जो माणूस नाही तो’. ऐकायला हे आकर्षक वाटते, पण ते बरोबर नाही. उजवा भाग इथे अर्थासाठी नसून आवाजासाठी बसवलेला आहे. पडताळा पाहा. याच भागाला डावीकडे पाण्याची खूण लावली की ‘उकळणे’ असा शब्द होतो, हाताची खूण लावली की ‘धूळ झटकणे’. उकळण्याशी ‘नाही’चा काय संबंध? काही नाही. आवाज उजवीकडून घ्यायचा आणि गोष्ट कोणाविषयी आहे ते डावीकडून समजून घ्यायचे, अशी ती रीत आहे. हे अक्षर बुद्धासाठी नव्याने घडवलेलेही नाही. ते चिनी भाषेत आधीपासून वेगळ्या अर्थाने होते. धम्म तिकडे पोचल्यावर बुद्धाच्या नावासाठी ते निवडले गेले, आणि हळूहळू त्याचा जुना अर्थ मागे पडला.

परंतु निवडलेल्या अक्षरात माणसाची खूण आहे, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. ती त्यांनी मुद्दाम निवडली असा दावा आम्ही करीत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ठामपणे मांडले की, बुद्धाने स्वतःला मोक्ष देणारा म्हणवले नाही, मार्ग दाखवणारा म्हणवले. तो देव नव्हता, देवाचा प्रेषित नव्हता. हे ज्याला समजले आहे त्याला या अक्षराच्या पहिल्या दोन रेघा काढताना समाधान वाटल्यावाचून राहणार नाही. बुद्ध लिहायचा तर आधी माणूस लिहावा लागतो.

ही माणसाची खूण एकदा हाताला बसली की पुढची अक्षरे आपोआप ओळखीची होतात. माणसाशेजारी झाड काढले की ‘विश्रांती’. उन्हातून आलेला मजूर लिंबाखाली टेकतो, ते चित्र. माणसाशेजारी बोलण्याची खूण काढली की ‘विश्वास’. माणसाशेजारी दोनचा आकडा काढला की ‘माणुसकी’. दोन माणसे आली म्हणजेच माणुसकीचा प्रश्न येतो! भिक्खूसाठी जे अक्षर आहे त्याचा उच्चार ‘संग’. तो आपल्या ‘संघ’ शब्दावरून आला, आणि त्याच्याही डाव्या बाजूला माणूसच आहे. ‘धम्म’साठी मात्र त्यांनी आवाज उसना घेतला नाही. कायदा, नियम या अर्थाचे त्यांचे स्वतःचे ‘फा’ हे अक्षर होते, तेच वापरले. अशा रीतीने आपले त्रिरत्न तिकडे फो, फा, संग असे झाले.

अक्षर नुसते लिहून भागत नाही, ते वापरता आले पाहिजे. ‘फो’ला ‘चिंग’ जोडले की बुद्धाचा ग्रंथ. ‘फो’ला ‘च्याव’ म्हणजे शिकवण जोडली की बौद्ध धर्म. आता दोन प्रयोग मुद्दाम लक्षात ठेवा. ‘बाय फो’ म्हणजे बुद्धाला वंदन करणे. ‘श्वे फो’ म्हणजे शब्दशः ‘बुद्ध शिकणे’. श्वे म्हणजे शिकणे, त्या अक्षराच्या तळाशी मुलाची खूण असते. चिनी बौद्ध माणूस आपल्या धम्माचरणाविषयी सांगताना ‘मी बुद्ध शिकतो’ असे म्हणतो. बाय फो आणि श्वे फो, दोन्ही शब्द तिथे आहेत. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत का, हा आजच्या भाषणाचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला इतिहासाची बाजू आहे, ती थोडक्यात सांगतो. बुद्धवचन पाली भाषेत श्रीलंका, ब्रह्मदेश, सयाम या देशांनी सांभाळले. परंतु भारतातल्या इतर अनेक बौद्ध संप्रदायांचे ग्रंथ, इथले विहार ओस पडल्यावर, इथे नाहीसे झाले. त्यांपैकी पुष्कळसे आज फक्त चिनी किंवा तिबेटी भाषांतरात उरले आहेत. कुमारजीव (३४४–४१३) आणि ह्युएन त्संग यांच्यासारख्यांनी अक्षरशः आयुष्य घालवून ते काम केले. ह्युएन त्संग नालंदेला राहून संस्कृत शिकला, म्हणजे आपली अक्षरे त्याने गिरवली. ६४५ साली तो ग्रंथांचे भारे घेऊन परतला, आणि मरेपर्यंत त्याने सुमारे ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले. तारीख छापलेले जगातले सर्वांत जुने उपलब्ध पुस्तकही चिनी अक्षरांतले ‘वज्रच्छेदिका’ हे बुद्धाचेच सूत्र आहे. ते ८६८ साली लाकडी ठशांवरून छापले गेले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वांग च्ये नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांसाठी, लोकांना फुकट वाटण्याकरिता ते छापवून घेतले, अशी नोंद त्याच्या शेवटी आहे. धम्माचे पुस्तक छापून वाटणे हेही दान आहे, हे त्याला कळले होते.

हे सर्व दूरचे वाटत असेल तर आपल्या अंगणातले उदाहरण घेऊ. बोदवडहून जामनेर, पहूर करीत अजिंठ्याला आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आले आहेत. ह्युएन त्संग सुमारे ६४१ साली महाराष्ट्रात आला, तेव्हा पुलकेशीचे राज्य होते. महाराष्ट्र हे नाव त्याने चार चिनी अक्षरांत लिहिले: मो-हो-ला-छा. या देशाच्या पूर्वेकडील डोंगरात खडक कोरून केलेला विहार आहे, भिंतींवर बुद्धचरित्र कोरले आहे आणि दाराबाहेर दगडी हत्ती आहेत, असे वर्णन त्याच्या प्रवासवृत्तांतात येते. तो विहार आ-चे-लो नावाच्या अर्हताने करवला, असे तो सांगतो. अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचे मानतात. त्याने ते स्वतः पाहिले की ऐकून लिहिले, याबद्दल मतभेद आहेत. पण सोळाव्या लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही उभे आहेत, आणि सव्विसाव्या लेण्यातल्या संस्कृत शिलालेखात अचल नावाच्या स्थविराने शास्त्यासाठी शैलगृह करवल्याचा उल्लेख आहे. अचल आणि आ-चे-लो! आपल्या डोंगरातला एक दगड आणि चीनमधला एक कागद, दोघांनी एकाच माणसाची आठवण ठेवली. ज्याला दोन्ही लिप्या येतात त्यालाच ही गाठ दिसते. आपण मात्र सहलीला जाऊन हत्तीजवळ फोटो काढून परततो.

ही गाठ सोडवणारी माणसे महाराष्ट्रात झाली आहेत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पाली भाषेचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी चिनी भाषेचा अभ्यास केला. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ संपूर्ण रूपात फक्त चिनी भाषांतरात उरला आहे. त्याची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करणारा बापटांचा ग्रंथ १९३७ साली निघाला. सुत्तनिपातातील अट्ठकवग्ग हा अतिशय प्राचीन भाग मानला जातो. त्याच्याशी जुळणाऱ्या चिनी ग्रंथाचे त्यांनी केलेले भाषांतर १९५१ साली शांतिनिकेतनहून प्रसिद्ध झाले.

दुसरे नाव विद्वानाचे नाही, डॉक्टरचे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला निघाले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. डॉक्टर झालेला माणूस पुन्हा पाटी हातात घेत नाही. कोटणिसांनी घेतली. चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकून ते त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. पथकातल्या पाचही जणांनी चिनी नावे घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर लावले. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘क तीह्वा’. १९४२ साली त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव ‘यिनह्वा’ ठेवले. यातला ‘यिन’ म्हणजे भारत. त्याच अक्षराचा दुसरा अर्थ शिक्का, ठसा असा आहे. भारताला ‘यिन-तू’ म्हणावे, हेच नाव बरोबर, असे लिहून ठेवणारा पुन्हा ह्युएन त्संगच. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉ. कोटणीस वारले. दोन अक्षरांत एका बापाने दोन देश जोडले.

ठशाचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. सही करणारा आणि अंगठा उठवणारा, दोघांचे पैसे सारखेच असतात. पण अंगठ्यावाल्याची स्लिप दुसऱ्याने भरावी लागते, आणि तिच्यात काय लिहिले हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळते. त्याचा विश्वास बहुधा सार्थ ठरतो, पण तो विश्वासच असतो, स्वतःचे ज्ञान नव्हे. आमच्या आजे-पणज्यांचा अंगठा त्यांनी आवडीने उठवला नाही. अक्षरापासून त्यांना लांब ठेवले होते. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले गेले नाही, फारसी घ्यावी लागली. पण ते तिथेच थांबले नाहीत. पुढे संस्कृत स्वतः शिकले. पाली शिकले. पालीचा शब्दकोश तयार करायला बसले. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या साहित्याच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला आहे.

मग आज कोणी अडवीत नसताना, घराघरात पदवीधर असताना, धम्माच्या बाबतीत आपण अंगठ्यावरच राहणार का? वर्षावासात ग्रंथवाचन होते, एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. वंदना तोंडपाठ असते, पण शब्दाचा अर्थ विचारला की आपण एकमेकांकडे पाहतो. आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी हे बोलत नाही. वंदनेला आमचा विरोध नाही. बाय फो हवेच. पण पंचशील घेताना प्रत्येक शीलामागे ‘सिक्खापदं’ हा शब्द आपल्याच तोंडून निघतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पद. दिवसातून पाच वेळा आपण ‘मी शिकेन’ असे वचन देतो. हे वचन चिनी नाही, आपलेच आहे.

म्हणून संस्थेपुढे आमची नम्र सूचना अशी. दर रविवारी एक तास विहारात फळा मांडावा. पहिले सहा महिने वंदनेतले पाली शब्द, अर्थासह, रोज एक. त्यानंतर ब्राह्मी लिपी, म्हणजे लेण्यांवरचे लेख निदान ओळखता येतील. ज्या मुलामुलींना भाषेची गोडी लागेल त्यांना पुढे पाठवावे. पुणे विद्यापीठात पालीचा विभाग आहे, शांतिनिकेतनात १९३७ पासून चीना भवन आहे, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी शिकवतात. बोदवडची एखादी मुलगी उद्या चिनी सूत्र थेट मराठीत आणू शकेल, यात अशक्य असे काहीही नाही. तीन हजार अक्षरे, दिवसाला तीन या हिशोबाने, तीन वर्षांत होतात. हा हिशोब बँकेतल्या माणसाचा आहे, भाषेच्या माणसाला उजळणीसाठी आणखी दोन वर्षे लागतील, असे धरून चालू.

तोपर्यंत विद्यार्थी मित्रांनी आजचे अक्षर घरी नेऊन शंभर वेळा गिरवावे. धाकट्या भावंडांना दाखवावे, आजीला दाखवावे. आजीने विचारले की, बाळा, हे काय काढलेस, तर सांगावे, बुद्ध. आणि क्रम विसरू नये: आधी माणूस, मग बाकीचे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!